जाजमावरची लायटिंग

घट बसायचे दिवस जवळ आले की बाजारात काळी माती, पत्रावळी आणि झेंडू यांचा वास सुटतो. माझ्या नाकात मात्र आधी दुसराच वास येतो, तापलेल्या बल्बवर करपणाऱ्या जिलेटिन कागदाचा. पिवळ्या कागदाचा वास लाल कागदापेक्षा वेगळा असतो असं मी म्हणते, तेव्हा घरातले चेष्टा करतात. करू देत. ज्यांनी कधी वायरला डाग देताना राळेचा धूर डोळ्यांत घेतला नाही, त्यांना काय कळणार.

यंदा हा वास जरा लवकरच आला, कारण रेवाचा फोन. रेवा माझी भाची, माझ्या दादाची मुलगी. पुण्यात असते आणि एका डान्स क्लबात भिंतीएवढ्या पडद्यावर चित्रं हलवायचं काम करते. गाणं चालू असताना पडद्यावर रंग, रेघा, आकार असं काहीबाही सोडत राहायचं, आणि ते नाचणाऱ्यांच्या अंगावर पडत राहतं. मी एकदा तिच्याबरोबर दुपारी, क्लब रिकामा असताना जाऊन पाहून आले. भलतं छान होतं. तिनं विचारलं, "आत्या, मधे थोडे लोक नाचतात आणि बाकीचे सगळे भिंतीला टेकून नुसते बघतात. मला त्यांच्या हालण्यावर चित्र हलवायचंय. कॅमेरा लावला, सगळं जोडलं, तरी ते हलतच नाहीत. आई म्हणाली, आत्याला विचार, तिनं आमच्या वेळी हे केलंय."

आई म्हणजे सुमनवहिनी. आमच्या वेळी म्हणजे शहाऐंशी-सत्त्याऐंशीच्या आसपास. जालना वेगळा जिल्हा होऊन थोडीच वर्षं झाली होती आणि सगळ्यांना आपण एकदम मोठ्या शहरात राहायला आल्यासारखं वाटत होतं.

आमचं घर लाउडस्पीकर आणि लायटिंगवाल्यांचं. दादाचं दुकान घराच्या पुढच्याच खोलीत. गणपतीपासून दिवाळीपर्यंत आमच्या घरात चालायला जागा नसायची. जिकडं तिकडं बल्बच्या माळा, भोंगे, वायरींची वेटोळी. पोळ्या लाटताना पोळपाटाशेजारी पक्कड सापडायची. मी आयटीआयला रेडिओचा कोर्स केला होता, पूर्ण वर्गात एकटी मुलगी, आणि दादाच्या हाताखाली सगळं शिकले होते. त्या काळी पळती लायटिंग करायला लाकडी रोलर असायचा. रोलरवर तांब्याच्या पट्ट्या ठोकलेल्या, मोटारीनं तो गरगर फिरायचा, आणि पट्टी जिथं टेकेल तिथली माळ पेटायची. रोलरची कुरकुर ऐकत मी लहानाची मोठी झाले. दिवे कधी लागायचे आणि कधी विझायचे हे ती मोटार ठरवायची. खाली माणसं नाचोत की झोपोत, तिला काय त्याचं.

ऑक्टोबरात जालन्यात दुपारी अंगाची काहिली होते आणि संध्याकाळी एकदम बरं वाटायला लागतं. कापसाच्या गाड्या जिनिंगकडं चाललेल्या असतात आणि रस्त्याकडेच्या बाभळींना पांढरे पुंजके लटकलेले दिसतात. बाजारात हिरवट-पिवळ्या मोसंबीचे ढीग लागतात. अशा संध्याकाळी आमच्या गल्लीत देवीपुढं गरबा व्हायचा. तो व्यापाऱ्यांच्या गल्लीतून आमच्याकडं आलेला. आम्ही त्याला गरबा म्हणायचो, पण पोरी त्यात फुगडी, टिपरी, वाटेल ते घालायच्या.

आणि एक नियम होता. कुणी सांगितलेला नाही, कुणी लिहिलेला नाही, पण पक्का. गल्लीच्या लेकी रिंगणात नाचायच्या. गल्लीच्या सुना कडेच्या जाजमावर बसायच्या. सुनांनी नणंदांची लेकरं मांडीवर घ्यायची, चपलांवर लक्ष ठेवायचं, कुणाच्या केसातला गजरा सुटला तर लावून द्यायचा आणि डोक्यावरचा पदर सांभाळत बघायचं. लग्न झालेली लेक माहेरी आली की ती सरळ रिंगणात. तिचीच वहिनी जाजमावर. कुणाला त्यात काही वावगं वाटायचं नाही. माझ्या आईला तर मुळीच नाही. आई या नियमाची फौजदारच होती म्हणा ना. जाजमाच्या टोकाला तिची खुर्ची असायची आणि कुणा सुनेचा पाय जरी तालावर हलला तरी तिथून नुसतं बघायची. तेवढं पुरायचं.

मलाही बरीच वर्षं काही वाटलं नाही. मी रिंगणात होते ना. रिंगणातून कडेचं नीट दिसत नाही.

मला दिसलं ते तीर्थपुरीला. वहिनीचं माहेर तिथलं. नागपंचमीला ती माहेरी गेली होती आणि तिला आणायला दादाबरोबर मी गेले. गावाबाहेर कडुलिंबाच्या झाडाला झोके बांधले होते आणि शेजारी बायकांचा फेर चालू होता. मधे एक बाई. पदर कमरेला खोचलेला, केस सुटलेले, गाण्याची एक ओळ ती फेकायची आणि अख्खा फेर ती झेलायचा. ती वाकली की सगळ्या वाकायच्या. काय आवाज होता. मी दादाला म्हटलं, "ही कोण रे?" दादा माझ्याकडं बघतच राहिला. म्हणाला, "येडी का काय तू? आपली सुमन हाय ती."

चार वर्षं ती बाई आमच्या घरात होती. माझ्या शेजारी झोपत होती, माझ्या वेण्या घालत होती. मला तिचा आवाज माहीत नव्हता. परत येताना एस.टी.त ती पुन्हा गप्प, पदर डोक्यावर, मांडीवर पिशवी. मी म्हटलं, "वहिनी, आपल्याकडं का गात न्हाईस?" ती म्हणाली, "तिथं मी लेक हाय, वन्सं. इथं सून हाय. बराबर हाय ते." इतक्या साध्या आवाजात म्हणाली की मला रडूच आलं.

त्यात माझंही लग्न ठरलं होतं. दिवाळीनंतर, आष्टीला. माणसं चांगली होती, मुलगा मला आवडला होता, ते सगळं खरं. पण बसमधे बसल्या बसल्या माझ्या डोक्यात एकच आलं, की पुढच्या नवरात्रात मी पण जाजमावर. तिथूनच मी ठरवलं की मी जायच्या आत वहिनीला या गल्लीत खेळताना बघायचं. ती खेळली तर मलाही आशा आहे. ती नाही खेळली तर मीही संपले. वीस वर्षांच्या मुलीचं डोकं असंच चालतं, आणि अगदीच चुकीचं चालतं असंही मला आता वाटत नाही.

सरळ "उठ आणि नाच" म्हणून उपयोग नव्हता. ती उठली नसती, आणि उठली असती तर रात्रभर आईचं तोंड. मग मी उलटा विचार केला. सुना जाजमावरून उठू शकत नाहीत ना? नको उठू देत. खेळच जाजमावर नेऊ. रोलरची मोटार काढून टाकायची आणि दिवे बसलेल्या बायकांच्या पायाखाली द्यायचे.

दादाला सांगितलं तेव्हा तो डोक्याला हात लावून बसला. "बायकांना करंट द्यायलीस का? देवीपुढं?"

"मेन लाइन नको. ट्रॅक्टरची बॅटरी आण. गाडीचे बल्ब लावू. त्यानं मुंगीसुद्धा मरत न्हाई."

दादा माणूस चांगला. कुरकुरत का होईना, पण बॅटरी घेऊन आला. तेलाच्या डब्यांचे पत्रे कापले. दोन पत्र्यांच्या मधे जुन्या स्लिपरच्या रबराचे तुकडे, पाय पडला की पत्रे टेकायचे आणि बल्ब लागायचा, पाय काढला की विझायचा. पत्र्याच्या कडा लागू नयेत म्हणून वरून गोणपाटाची खोळ पाहिजे होती. ती शिवली गल्लीतल्या रजियाभाभीनं. भाभीच्या घरी गाद्या भरायचं काम चालायचं, दाभण तिच्या बोटात जन्मल्यापासून असल्यासारखं. खोळी शिवता शिवता म्हणाली, "क्या बनारी तू? बच्चों के बैठने को है क्या?" मी सांगितलं तर हसत सुटली. "मेरे को भी एक रखना फिर. बैठ के नाचने को मिलता तो मैं रोज आती." अशी गिऱ्हाईकं आधीच मिळायला लागली होती.

चित्राचं मी फार मनावर घेतलं होतं. पांढरा पडदा, त्याच्यामागं पुठ्ठ्यातून कापलेली अष्टभुजा देवी. एकेका हातामागं एकेक बल्ब. जाजमाच्या पुढच्या कडेला या पत्र्यांच्या आठ गाद्या. एकीवर पाय पडला की त्रिशूळ उजळणार, दुसरीवर पडला की चक्र. सगळ्यांनी मिळून ताल धरला की देवीचे आठही हात हलल्यासारखे दिसणार. मला वाटलं, यापेक्षा सुंदर काही होऊच शकत नाही. दादालाही तसंच वाटलं. वहिनीनं तेव्हा पुठ्ठा धरला होता, ती काही बोलली नाही. कामात होती, तिचं लक्ष नव्हतं असं ती नंतर म्हणाली.

पहिल्या दिवशी काय झालं ते सांगते. पडदा लागला, बॅटरी जोडली, मी माइकवर सांगितलं की बायांनो, तुमच्या पुढच्या गादीवर पाय ठेवा आणि देवी बघा. काशीबाई म्हणून आमच्या शेजारीण होत्या, गल्लीतल्या थोरल्या सूनबाई. त्यांनी पाय पुढं केला, त्रिशूळ उजळला, आणि त्यांनी चटका बसल्यासारखा पाय मागं घेतला. देवीला पाय लागला की हो. लगेच खाली वाकल्या, गादीला हात लावला, तो हात कपाळाला लावला. हात लागल्यानं त्रिशूळ पुन्हा उजळला. मग काय. शेजारची वाकली, तिच्या शेजारची वाकली. साऱ्या जाजमानं ओळीनं नमस्कार घातले आणि एकापाठोपाठ एक देवीचे आठही हात लख्ख झाले. रिंगणातल्या पोरी थांबल्या, त्यांनीही हात जोडले. कुणीतरी घंटा वाजवली. माझा गरबा होता तिथं आरती सुरू झाली.

आरती संपल्यावर आई माझ्याकडं येऊन म्हणाली, "लय चांगलं केलंस. देवी पावली बघ." वर्षभरात तिनं माझं केलेलं ते एकमेव कौतुक, आणि ते ऐकून मी पडद्यामागं जाऊन रडले.

वहिनी चहा घेऊन मागं आली. बॅटरीशेजारी उकिडवी बसली. "वन्सं," ती म्हणाली, "देवीच्या हातावर पाय ठीवायला लावून राह्यल्या तुम्ही आम्हाला. आम्ही काय राक्षस हौत का?"

मला हसू आलं. रडता रडता हसू आलं की नाकाची काय दशा होते ते माहीतच आहे. ती पण हसायला लागली, पदराचा बोळा तोंडात कोंबून. आम्हा दोघींना आवरेना. दादा पलीकडून म्हणाला, "मला बी सांगा की काय झालं."

मी म्हटलं, "मग काय लावू सांग. कशावर पाय ठेवला तर चालतो?"

ती म्हणाली, "मातीत उभं असतं ते लावा. झाड लावा, रान लावा. मातीवर तर दिवसभर पाय असतोच की आपला."

दुसऱ्या दिवशी आम्ही देवीचा पुठ्ठा नीट नमस्कार करून काढला आणि मोसंबीचं झाड केलं. सगळं खोड, फांद्या, पानं काळ्या कागदाची. आणि मधे गोल भोकं, त्यावर पिवळा जिलेटिन. गोल वहिनीनं कापले, वाटी ठेवून. काही वाटीचे, काही मोठ्या वाटीचे. म्हणाली, एका झाडाला सगळी फळं सारखी कुठं असतात. काम करता करता ती अगदी हळू गुणगुणत होती. मी कात्री खाली ठेवली नाही, मान वर केली नाही. मी वर बघितलं तर ती थांबेल अशी मला भीती वाटत होती.

रेवाला मी हेच सांगायचा प्रयत्न केला. बाई गं, लोक लाजतात म्हणून हलत नाहीत असं नसतं नेहमी. कधी कधी आपणच त्यांच्यापुढं असं काहीतरी ठेवतो की त्यांचा पाय पुढं येत नाही. तिनं विचारलं, म्हणजे काय ठेवू? मी म्हटलं, ते मला काय माहीत, तुझ्या क्लबात कशाला नमस्कार करतात ते तू बघ. ती हसली. म्हणाली, "तिथं सगळे स्वतःच्या दिसण्यालाच नमस्कार करतात, आत्या. कॅमेऱ्यात आपण कसे दिसतोय याच्यातच अडकतात." मग स्वतःच पुढं म्हणाली, "म्हणजे त्यांचा चेहरा काढूनच टाकू का पडद्यावरून? नुसती सावली ठेवू?" मी म्हटलं, करून बघ. पोरगी हुशार आहे, आईवर गेली आहे.

मोसंबीच्या झाडाची गोष्ट वेगळीच झाली. पहिलं फळ पेटलं ते रजियाभाभीचं. ती खरंच आली होती, ओढणी नीट घेऊन जाजमाच्या कडेला बसली होती, आणि तिनं बिनदिक्कत पाय दाबला. पडद्यावर एक पिवळं फळ लागलं. "अरे, मेरा है," ती म्हणाली. मग काशीबाईंचं लागलं. मग जाजमावर भांडणंच सुरू झाली. माझं विझलं, तुझं वर आहे, माझं खाली का, जल्दी जल्दी दाब गं, तालावर दाब. दहा-पंधरा मिनिटांत त्यांना कळलं की आपण हळू दाबलं की रिंगण हळू होतं. पोरी पडदा बघून नाचत होत्या ना. मग या बायकांनी पोरींना असं पळवलं, असं पळवलं, की त्या धापा टाकत हात जोडायला लागल्या. वर्षानुवर्षं चपला राखणाऱ्या बायका त्या. त्यांच्या पायांच्या हुकमावर अख्खी गल्ली नाचत होती, आणि पदर तेवढे डोक्यावर होते. मला इतका आनंद झाला की मी पडद्यामागं एकटीच उड्या मारत होते.

फक्त एक फळ काळंच राहिलं. सगळ्यात वरचं, मोठ्या वाटीचं. ती गादी वहिनीची. ती आईच्या खुर्चीशेजारी बसली होती, पाय लुगड्याखाली घट्ट ओढून. बाकीच्या सुनांची सासू एवढी जवळ नव्हती. मी फटीतून बघत होते. तिची मान हलत होती, ओठ हलत होते, पाय नाही. असे दोन दिवस गेले, तीन गेले. मी आईला काही म्हणू शकले नाही. म्हणायला काय होतं? आईनं तिला अडवलंच नव्हतं. आई नुसती तिथं बसली होती.

मधेच पुढचं सांगून टाकते. आष्टीला पहिल्या नवरात्रात मी जाजमावरून उठले. दिवे नव्हते, पडदा नव्हता, सासूबाई तोंडात बोट घालून बघत राहिल्या. मी उठले आणि माझ्या जावेला हाताला धरून उठवलं. मला ते धैर्य कुठून आलं असं लोक विचारतात. जे मी त्या नवरात्राच्या अष्टमीला बघितलं, त्यातून आलं.

अष्टमीच्या संध्याकाळी टेपरेकॉर्डर अडकला. कॅसेटची पट्टी आत गुंतली आणि गाणं घरघरत बंद पडलं. दादा पेन्सिल घेऊन कॅसेट सोडवत बसला. रिंगण थांबलं. पण जाजमावरच्या पायांना कोण थांबवणार? त्यांचा ताल चालूच. गोणपाटावर धप धप, धप धप, आणि झाडावर फळं लागतायत, विझतायत. गाणं नसल्यामुळं तो आवाज पहिल्यांदाच सगळ्यांना ऐकू आला. आणि त्या धप धप वर कुणीतरी फेराची एक ओळ टाकली. बसूनच, मान खाली घालून, पण काय आवाज होता.

गल्लीतल्या कुणालाच कळेना कोण गातंय. मला कळलं. मी पडद्यामागून बाहेर पळत आले.

वहिनी एक ओळ गाऊन थांबली आणि तिनं आईकडं बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. ताल चालू होता, पण दबकत. पुढची ओळ कुणाला येत नव्हती, ती तिच्याच गावची. ती गायली नाही तर सगळं तिथंच संपणार होतं.

मला दुसरं काही सुचलं नाही. मी जाजमावर गेले, वहिनीला म्हटलं, "उठ, ही जागा मला दे." ती म्हणाली, "वन्सं, असं काय करताव, लेक हौत तुम्ही." मी म्हटलं, "दिवाळीपर्यंतच हाय. आत्तापासून बसते. सवय करून घेते." आणि तिला जवळजवळ ढकलून मी तिच्या जागी मांडी घातली. ती उभी राहिली. उभ्या बाईला रिंगणाशिवाय जायला जागाच नव्हती, पुढं रिंगण, मागं चपला. ती रिंगणात गेली. मधे जाऊन तिनं पदर कमरेला खोचला, आणि दुसरी ओळ टाकली.

मी तिच्या गादीवर पाय दाबला. वरचं मोठं फळ लागलं. पोरींनी ओळ झेलली, मग काशीबाई उठल्या, मग त्यांची जाऊ. ज्या लेकी दमल्या होत्या त्या येऊन जाजमावर बसल्या आणि वहिन्यांसाठी गाद्या दाबायला लागल्या. मला पहिल्यांदा कडेवरून रिंगण दिसत होतं. नीट, सगळ्यांचे चेहरे दिसत होते. वहिनी वाकली की सगळ्या वाकत होत्या. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी चाललं होतं आणि पाय थांबत नव्हता.

आईकडं बघायची माझी हिंमत होत नव्हती. खुर्ची सरकल्याचा आवाज आला तेव्हा वाटलं, झालं, उठून चालली. ती उठली खरी. गुडघ्यावर हात ठेवून खाली वाकली, माझ्या शेजारी जाजमावर बसली. लग्न होऊन गल्लीत आली तेव्हा ती ह्याच जाजमावर बसली असणार, हे मला तेव्हा सुचलं, त्याआधी कधीच नाही. बराच वेळ ती रिंगणाकडं बघत होती.

"लय गाती की गं ही," ती म्हणाली.

मी डोळे पुसले आणि गादी दाबत राहिले.

"सरक जरा," आई म्हणाली. तिनं लुगडं थोडं वर घेतलं, शेजारच्या रिकाम्या गादीवर पाय ठेवला, नीट दाबला आणि पडद्याकडं बघून मला हळूच विचारलं, "माझी मोसंबी कोणती?"